आयर्लंडने जनतेला विचारलं, आपल्याकडे कोणाला विचारलं? (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय)

डब्लिनची_मावशी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. लेकीला शाळेत नागरिकशास्त्रासारखा एक विषय आहे, त्यात प्रोजेक्ट दिलंय की आयर्लंडच्या घटनेतली कुठलीही एक दुरुस्ती घ्या आणि ती का करावी लागली ते लिहा. बाकी पोरांनी घटस्फोट नाहीतर समलिंगी विवाह घेतला, आमच्या बाईसाहेबांनी 23 वी उचलली, का तर म्हणे ती कोणीच घेतली नव्हती. ती निघाली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची.

म्हणजे जुलै 1998 मध्ये हे कोर्ट स्थापन करायचा करार रोमला झाला, आयर्लंडने ऑक्टोबरमध्ये सही केली. पण सही म्हणजे नुसता साखरपुडा. लग्न म्हणजे रॅटिफिकेशन, करार पक्का स्वीकारणं, आणि ते करायचं तर इथली घटना बदलायला लागणार होती आणि घटना बदलायची तर सार्वमत. तर 7 जून 2001 ला अख्ख्या देशाला विचारलं, या कोर्टात जायचं का? साधारण 64 टक्के लोक हो म्हणाले. मग 11 एप्रिल 2002 ला कागद युनोत जमा.

इथपर्यंत मला समजलं. मग कार्टी विचारते, आई, इंडियात हे कोणी ठरवलं? मी आपलं ठोकून दिलं, संसदेने ठरवलं असेल. रात्री शोधत बसले तर संसदेत याच्यावर मतदान झाल्याचं काही सापडेना. तर दोन प्रश्न आहेत. आपण या कोर्टात का नाही, आणि हे 'नाही' म्हणालं कोण?

राजकारण नको प्लीज, मागच्या धाग्याचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये.

खारी_बिस्किट

पयला! जागा धरून ठेवतो, चहा घेऊन येतो.

कोर्टाची_पायरी

मावशी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. आपल्याकडे करार करणं, सही करणं, रॅटिफाय करणं हे सगळं सरकारचं काम, म्हणजे मंत्रिमंडळाचं. घटनेचं कलम 73. संसदेला विचारलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम 253 आहे पण ते म्हणतं की करार अमलात आणायला संसद कायदा करू शकते, अगदी राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयावरसुद्धा. कराराला मान्यता द्यायला नाही. कच्छच्या सीमेचा निवाडा आला होता त्यावर 1969 मध्ये सुप्रीम कोर्टात मगनभाई पटेल केस झाली, तिथे हेच सांगितलं की नागरिकांच्या हक्काला धक्का लागत असेल किंवा देशातला कायदा बदलायचा असेल तरच संसदेकडे जा. जमीन द्यायची असेल तर मात्र घटनादुरुस्ती, बांगलादेशबरोबर छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांची, अदलाबदल 2015 ला झाली ती 100 वी दुरुस्ती.

आणि साखरपुड्याचं म्हणाल तर आपण रोम करारावर सहीच केलेली नाही. मुलगी बघायला गेलो, कांदेपोहे खाल्ले, चहा घेतला आणि 'कळवतो' म्हणून निघून आलो.

खारी_बिस्किट

कळवतो 😂😂 गेली पंचवीसेक वर्षं मुलीकडचे फोनजवळ बसलेत.

सातारी_कंदी

मला एक कळत नाही मग कुलभूषण जाधवांची केस तिकडे हेगला कशी चालली आपण मेंबरच नाही तर? हरीश साळवे गेले होते की एक रुपया फी घेऊन, सगळं टीव्हीवर बघितलंय आम्ही.

समुद्रसपाटीखाली

कंदी भाऊ, मी हेगमध्येच राहतो आणि हा प्रश्न मला घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, सासरेबुवांनी तर दोनदा विचारलाय. इथे कोर्टं ढिगाने आहेत. जाधवांची केस झाली ती आयसीजेमध्ये, ते युनोचं कोर्ट, तिथे देश विरुद्ध देश असा खटला चालतो. माणसाला शिक्षा होत नाही. त्याचे आपण आपोआप सदस्य आहोत. ते पीस पॅलेसमध्ये भरतं, कार्नेगीच्या पैशातून बांधलेला राजवाडा, सगळे पर्यटक तिथे फोटो काढतात. मावशी म्हणतायत ते आयसीसी, क्रिकेटवालं नव्हे. ते माणसांवर खटला चालवतं, राष्ट्राध्यक्ष असो नाहीतर जंगलातला टोळीप्रमुख. नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण, बस एवढे चारच गुन्हे. ती इमारत वेगळी, समुद्राकडे वाळूच्या टेकड्यांच्या बाजूला, काचेची. तिथे फोटो काढायला कुत्रं जात नाही.

गंमत बघा, रोम करार झाला 17 जुलै 1998 ला आणि जाधव केसचा निकाल आला तोही 17 जुलैलाच, 2019. सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले बघ म्हणजे एकच कोर्ट आहे.

जुना_पेपरवाला

अवांतर आहे पण राहवत नाही. हेगला मराठी माणसाची केस आली ती काही जाधवांपासून नाही. सावरकरांनी 8 जुलै 1910 ला मार्सेलिसला बोटीतून उडी मारली, फ्रेंच पोलिसाने पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं, त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी 1911 ला निकाल, की हवाली करण्यात चूक झाली खरी पण परत द्यायची सक्ती ब्रिटनवर नाही. तेव्हा पीस पॅलेस उभाही राहिला नव्हता, तो 1913 चा. आणि ज्याच्या आयुष्याचा निकाल लागत होता तो माणूस त्या खटल्यात पक्षकारच नव्हता. दोन सरकारं आपसात भांडत होती.

खारी_बिस्किट

सावरकर आले, आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न.

अ‍ॅडमिन_काका

लक्ष आहे आमचं. विषयाला धरून राहा.

जुना_पेपरवाला

काका निश्चिंत असा, मूळ प्रश्नावरच येतो. आपण का नाही? रोमला शेवटच्या रात्री मतदान झालं, 120 बाजूने, 7 विरुद्ध, 21 तटस्थ. आपण तटस्थ. तेव्हा मी डेस्कवर होतो. पोखरणला जेमतेम दोन महिने झाले होते हे विसरू नका. आपलं म्हणणं साधारण असं होतं. एक, सुरक्षा परिषदेला या कोर्टाकडे कोणाचीही केस पाठवायचा अधिकार दिलाय आणि चालू केस वर्षभर थांबवायचाही दिलाय. म्हणजे जे पाच जण नकाराधिकार घेऊन बसलेत त्यातल्या तिघांनी, अमेरिका रशिया चीन, स्वतः सदस्य व्हायचं नाही पण दुसऱ्याला कोर्टात पाठवायचं. दोन, अण्वस्त्र वापरणं हा गुन्हा म्हणून यादीत घाला अशी दुरुस्ती आपण मांडली. त्यावर नॉर्वेने ठराव आणला की याच्यावर चर्चाच नको, आणि तो प्रचंड मतांनी पास झाला. विषारी वायू वापरला तर युद्धगुन्हा आणि अणुबॉम्ब टाकला तर यादीत नावही नाही! तीन, दहशतवाद यादीत नाही. चार, देशांतर्गत संघर्षही युद्धगुन्ह्यांत धरले. पाच, त्या कोर्टाचा वकील (प्रॉसिक्युटर) स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो.

मला विचाराल तर पहिला मुद्दा आजही शंभर नंबरी आहे.

मृगनयना

पेपरवाले काका, पहिला मुद्दा शंभर नंबरी असेल तर मग 2011 मध्ये काय झालं? फेब्रुवारीत लिबियाची केस सुरक्षा परिषदेने याच कोर्टाकडे पाठवली, ठराव 1970, पंधराच्या पंधरा मतं बाजूने. तेव्हा परिषदेवर भारत होता. आपण हो म्हटलं. म्हणजे स्वतः सदस्य नसताना दुसऱ्याला कोर्टात पाठवण्याचं जे पाप आपण अमेरिकेला चिकटवतो ते आपणही केलंच की.

आणि डिसेंबर 2002 मध्ये अमेरिकेबरोबर करार केला, तुमची माणसं आम्ही तुम्हाला न विचारता आंतरराष्ट्रीय कोर्टाकडे देणार नाही, आमची तुम्ही देऊ नका. लग्नाला गेलो नाही ठीक आहे पण मांडवाबाहेर उभं राहून हा कसला आहेर?

खरं कारण चौथा मुद्दा आहे, बाकी सगळी सजावट. काश्मीर आणि ईशान्य भारतात काय चालतं ते बाहेरच्यांनी बघू नये.

बोरकूट

मृगनयना ताई मग बाहेरच्यांनी का बघावं? आपल्याकडे कोर्टं नाहीत? सुप्रीम कोर्ट आहे, मानवाधिकार आयोग आहे. आणि उपयोग काय त्या हेगच्या कोर्टाचा, पुतिनवर मार्च 2023 ला वॉरंट काढलं, 2024 च्या सप्टेंबरला तो मंगोलियात जाऊन लाल गालिच्यावरून चालून आला, मंगोलिया मेंबर असून. कागदी वाघ आहे सगळा.

रत्नांग्रीचो_खलाशी

बोरकूट भाऊ कागदी वाघ कसा चावतो ते मी बघितलंय. माझ्या जहाजावर निम्मा क्रू फिलिपिनो. मार्च 2025 ला आम्ही समुद्रात होतो आणि मेसमध्ये बातमी आली की त्यांच्या माजी राष्ट्राध्यक्षाला, दुतेर्तेला, मनिलाच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या धरला आणि त्याच दिवशी विमानात घालून हेगला. आमचा बोसन, डेकवरचा मुकादम, दावाओचा, म्हणजे दुतेर्तेच्याच गावचा, तो ताट सरकवून उठला, जेवलाच नाही. सेकंड कूक टोंडोचा, त्याच्या गल्लीतली दोन पोरं दुतेर्तेच्या त्या ड्रग्जवाल्या कारवाईत गेलेली. तो काही बोलला नाही, गुपचूप भांडी घासत होता आणि रडत होता. चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, कॅप्टनने बसवून समजूत काढली.

आता तुमच्या रॅटिफिकेशनची गोष्ट ऐका, ही बोसननेच सांगितली आणि मग मी वाचली. फिलिपिन्सने सही केली डिसेंबर 2000 ला. पुढे सरकार कागद सिनेटकडे पाठवेचना. शेवटी एक सिनेटर आणि बेपत्ता झालेल्या लोकांच्या घरचे वगैरे सुप्रीम कोर्टात गेले की सरकारला सांगा पाठव म्हणून. 2005 ला कोर्ट म्हणालं, नाही, पाठवायचं की नाही ही राष्ट्राध्यक्षाची मर्जी. मग दुसरा राष्ट्राध्यक्ष आला, त्याने पाठवलं, 2011 ला सिनेटने 17 विरुद्ध 1 ने पास केलं. मग दुतेर्ते आला, चौकशी लागणार दिसल्यावर 2018 ला सोडचिठ्ठीची नोटीस दिली, नियमाप्रमाणे वर्षाने म्हणजे मार्च 2019 ला बाहेर. त्याला वाटलं सुटलो. पण मेंबर असतानाचे गुन्हे राहतातच ना, 2011 च्या नोव्हेंबरपासून ते बाहेर पडेपर्यंतचे. त्याच्यावरच धरला.

आणि वर कहर म्हणजे मे महिन्यात तो हेगच्या कोठडीत असतानाच दावाओचा महापौर म्हणून निवडून आला. बोसनने त्या दिवशी सगळ्यांना आईस्क्रीम दिलं.

समुद्रसपाटीखाली

ती कोठडी आमच्या घरापासून सायकलवर वीस मिनिटं. शेजारच्या डच आजींना विचारलं काय वाटतं, म्हणाल्या पार्किंग मिळत नाही त्या दिवसापासून, बाहेर झेंडे घेऊन लोक.

अवांतर: अमेरिकेने 2002 मध्ये कायदाच केलाय की आपला सैनिक या कोर्टाने पकडला तर सोडवायला लागेल ते करा. इथले लोक त्याला हेगवर स्वारीचा कायदा म्हणतात. समुद्रकिनारा जवळच आहे, उन्हाळ्यात टॉवेल टाकायला जागा नसते, मरीन्स उतरणार कुठे हा खरा प्रश्न आहे.

कोर्टाची_पायरी

खलाशी भाऊ, एकच नंबर प्रतिसाद. अमेरिकेचंही सांगतो, क्लिंटनने 31 डिसेंबर 2000 ला सही केली, शेवटच्या दिवशी, आणि मे 2002 मध्ये बुशच्या सरकारने पत्र पाठवलं की आमचा पुढे जायचा विचार नाही. साखरपुडा मोडला, अंगठी परत.

मृगनयना आणि बोरकूट दोघांनाही एक सांगायचंय. या कोर्टाचा पाया असा की आधी तुमच्या देशाने खटला चालवायचा, देश करत नसेल किंवा करूच शकत नसेल तरच हेग. तेव्हा 'आपल्याकडे कोर्टं नाहीत का' हा बोरकूट यांचा प्रश्न बरोबर आहे, पण कोर्टं आहेत आणि कायदा नाही. नरसंहाराविरुद्धचा करार आपण 1959 मध्ये रॅटिफाय केला आणि त्यावर देशात कायदा आजतागायत केलेला नाही. 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका अपिलात दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर 2018 ला स्वच्छ लिहिलंय की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि नरसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हे म्हणून नाहीतच, ही पळवाट तातडीने बुजवायला हवी. छळवणुकीविरुद्धच्या कराराचं तेच, 1997 ला सही, 2010 ला लोकसभेत विधेयक पास, मग तो कायदा कधी झालाच नाही, रॅटिफिकेशन अजून लटकलंय. म्हणजे आपल्याकडे साखरपुडाही लांबतो आणि लग्न झालं तरी नांदायला कोणी जात नाही.

बोरकूट

हे माहीत नव्हतं. कायदा करायला पाहिजे हे मान्य. हेग मात्र अमान्य.

खारी_बिस्किट

या फोरमवर कोणीतरी काहीतरी मान्य केलं! स्क्रीनशॉट घेतला.

म्हापशेकर

आमच्याकडे अर्धा गाव पोर्तुगालचे कागद करून लिस्बनला, म्हणून तिकडचं सांगतो. तिथेही घटना आडवी आली पण कारण एकदम वेगळं. पोर्तुगालने जन्मठेप 1884 मध्येच बंद केली, आणि या कोर्टात मोठ्यात मोठी शिक्षा जन्मठेप. लोक म्हणाले आम्ही जी शिक्षा आमच्या खुन्यालाही देत नाही ती भोगायला माणूस कसा देऊ? शेवटी 2001 ला घटनेत वाक्य घातलं आणि 2002 च्या फेब्रुवारीत रॅटिफाय केलं. फ्रान्सला राष्ट्राध्यक्षाच्या संरक्षणावरून घटना बदलायला लागली. प्रत्येकाच्या घराचा उंबरठा वेगळ्या जागी, ठेच मात्र सगळ्यांना लागली.

मृगनयना

म्हापशेकर +1. आर्मेनियाला तर दोनदा विचारावं लागलं. 2004 ला त्यांचं घटना कोर्ट म्हणालं जमणार नाही. मार्च 2023 ला म्हणालं जमतं, मधे घटना बदलली होती. ऑक्टोबरमध्ये संसदेत 60 विरुद्ध 22 ने पास. पुतिनवर वॉरंट असताना आणि देशात रशियाचा लष्करी तळ असताना, हे करायला जिगर लागते. युक्रेनची सही जानेवारी 2000 ची आणि रॅटिफिकेशन ऑगस्ट 2024 ला! ते 125 वे. त्यातही अट घातली की आमच्या लोकांवरचे युद्धगुन्ह्यांचे खटले सात वर्षं नकोत.

सातारी_कंदी

म्हणजे सात वर्षं आमच्या पोराला हात लावू नका, मग बघू. आमच्या भावकीत असंच असतं.

जुना_पेपरवाला

मृगनयना, लिबियाचं मत तुम्ही बरोबर पकडलंत, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एक भर घालतो. बाहेर राहिलो म्हणजे कोर्ट आपल्यापर्यंत येतच नाही असं नाही. म्यानमार सदस्य नाही. पण रोहिंग्यांना हाकललं ते बांगलादेशात, आणि बांगलादेशने 2010 ला रॅटिफाय केलंय. कोर्ट म्हणालं, हद्दपारीचा गुन्हा सीमेपलीकडे पूर्ण होतो, तेव्हा आमचा अधिकार आहे, आणि 2019 ला चौकशी सुरू. मालदीव, अफगाणिस्तान, बांगलादेश, आपले हे तीन शेजारी आत आहेत. तेव्हा 'आम्ही सही केली नाही' ही भिंत दिसते तितकी उंच नाही.

कोर्टाची_पायरी

आता मावशींच्या लेकीसाठी, आयर्लंडलाच जनतेला का विचारावं लागलं? दोन कारणं. त्यांच्या घटनेत कलम 34 आहे, न्यायदान हे कायद्याने स्थापन झालेल्या कोर्टातच आणि घटनेप्रमाणे नेमलेल्या न्यायाधीशांकडूनच. हेगचे न्यायाधीश त्यात बसत नाहीत. दुसरं म्हणजे 1987 ची क्रॉटी केस. रेमंड क्रॉटी नावाचा एक माणूस, आधी शेतकरी मग अर्थतज्ज्ञ, कोर्टात गेला की युरोपचा नवा करार सरकारने परस्पर मान्य करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने त्याचं ऐकलं. तेव्हापासून तिथलं सरकार सार्वभौमत्वाला खरचटेल असं काही दिसलं की जनतेकडे जातं. दुरुस्ती मात्र एका ओळीची आहे, राज्य रोम करार रॅटिफाय करू शकेल, एवढंच.

आणि 11 एप्रिल 2002 ही तारीख तिला नक्की लिहायला सांगा. करार लागू व्हायला 60 देश हवे होते, तोवर 56 झाले होते. साठावा कोण हा मान एकट्याला जायला नको म्हणून दहा देशांनी एकाच समारंभात कागद दिले, आकडा एकदम 66. त्या दहात आयर्लंड होता. आणि बोरकूट यांचा मंगोलियाही.

बोरकूट

माझा मंगोलिया 😂 सामुदायिक विवाह सोहळा झाला म्हणा की.

डब्लिनची_मावशी

मंडळी, किती किती आभार मानू. लेकीने सगळा धागा माझ्याकडून वाचून घेतला, साखरपुडा आणि कांदेपोहे समजावताना माझी वाट लागली.

काल ती शेजारच्या पॅडी आजोबांकडे गेली होती, त्यांनी 2001 ला मत दिलं होतं ना म्हणून मुलाखत घ्यायला. आजोबांना कोर्टाचं काही म्हणजे काही आठवेना. त्या दिवशी तीन प्रश्न होते, एक फाशीची तरतूद घटनेतून कायमची काढायची, एक हे कोर्ट, आणि एक युरोपचा नीस करार. आजोबा नीसवर अर्धा तास बोलले, ते त्यांनी पाडलं होतं आणि सरकारने पुढच्या वर्षी परत विचारलं याचा राग अजून आहे. कोर्टाच्या कागदावर काय खूण केली विचारलं तर म्हणाले, बहुतेक हो केली असेल, वाईट माणसांसाठी होतं ना ते? आणि मतदानाला गेले होते जेमतेम 35 टक्के. म्हणजे मी इतकी भारावून लिहिलं होतं की अख्ख्या देशाने मत दिलं, ते तिने माझ्याकडून खोडून घेतलं.

अजून एक शंका. तिला यादीत 21 वी, 23 वी सापडली, 22 वी सापडत नाहीये. कुठे गेली?

कोर्टाची_पायरी

22 वी न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख आणि त्यांना काढण्याच्या पद्धतीबद्दल होती, ती संसदेतच बारगळली, जनतेपर्यंत पोचलीच नाही. नंबर तसाच रिकामा राहिला.

मृगनयना

म्हणजे जगातल्या राष्ट्राध्यक्षांना जाब विचारायचा 23 वा नंबर पास, आणि आपल्याच न्यायाधीशांना विचारायचा 22 वा गायब. हे तिला नक्की लिहायला सांगा.

डब्लिनची_मावशी

लिहिलं! सोमवारी द्यायचंय. मधल्या पानावर तिने जगाचा नकाशा काढलाय, रॅटिफाय केलेले हिरवे, नुसती सही केलेले पिवळे, अंगठी परत केलेले लाल. भारतावर रंगच नाही दिला, पोह्यांची बशी काढलीये, वर कोथिंबीर आणि लिंबाची फोड. टीचरला काय कळणार देव जाणे.

खारी_बिस्किट

शेव घाला वरून, तेवढं राहिलं.